फुकटच्या प्रणालीला वाली कोण?

एका तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल लिहितात, की त्यांच्या संग्रहात सुमारे २२,००० ग्रंथ आहेत, सभासद साडेआठशे आहेत आणि कामाला त्या स्वतः, एक लिपिक आणि एक शिपाई एवढीच माणसे आहेत. बारा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या संगणक प्रणालीवर देवघेव चालते. ती एकाच जुन्या संगणकावर आहे, देखभालीचे शुल्क दरवर्षी वाढते आणि आता नवी आवृत्ती विकत घेतल्याशिवाय दुरुस्ती करणार नाही, असे विक्रेत्याने कळवले आहे. कार्यकारिणीतील एका सदस्यांचा अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या म्हणतो, की कोहा, डीस्पेस आणि ओपन जर्नल सिस्टिम्स ही तिन्ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवली, तर अनुक्रमे ग्रंथांची सूची, जुनी दुर्मीळ पुस्तके आणि वाचनालयाचा १९७४ पासून निघणारा वार्षिक अंक हे सारे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटरनेटवर येईल आणि खर्च शून्य होईल. अध्यक्षांचे म्हणणे, ‘फुकटच्या वस्तूला वाली नसतो.’ ग्रंथपाल विचारतात : ‘माझे वय बावन्न. हे नवे शिकणे मला जमेल का? उद्या काही बिघडले तर बोल मलाच लागेल. मी कार्यकारिणीत आग्रह धरावा, की आहे ते चालू द्यावे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत नेमका प्रश्न अध्यक्षांनी विचारलेला आहे, असे मला वाटते. वाली कोण, हे विचारणारा माणूस संस्थेची काळजी वाहणारा असतो. त्यांना जुन्या विचारांचे म्हणून बाजूला सारू नका. उलट त्यांचाच प्रश्न घेऊन कार्यकारिणीसमोर जा आणि तो दोन्ही बाजूंना लावून पाहा. तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या प्रणालीला आज वाली कोण आहे? एकच विक्रेता, आणि तोच दुरुस्तीला नकार देतो आहे. त्याने व्यवसाय बंद केला, किंवा ती प्रणाली लिहिणारा त्याचा माणूस सोडून गेला, तर तिचा मूळ संकेत (सोर्स कोड) दुसऱ्या कोणाला उघडून पाहता येणार नाही, कारण तो तुमच्याकडे नाही आणि तो पाहण्याचा परवानाही तुम्हाला नाही. मुक्तस्रोत प्रणालीत हा संकेत सर्वांसाठी खुला असतो. तो वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांना देण्याची मुभा परवान्यातच लिहिलेली असते. त्यामुळे आज ज्याने ती तुमच्याकडे बसवून दिली, त्याचे काम पटले नाही तर उद्या दुसऱ्याला बोलावता येते. ‘मुक्त’ या शब्दाचा येथे खरा अर्थ इतकाच आहे. बसवणारा, शिकवणारा, बिघाड काढणारा आपल्या कष्टांचे पैसे घेईल, आणि त्याने ते घ्यावेत.

कोहाची जन्मकथा अध्यक्षांना अवश्य सांगा, कारण ती तुमच्यासारख्याच एका छोट्या गावच्या ग्रंथालयाची आहे. न्यूझीलंडमधील लेव्हिन या गावी होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट ही संस्था ग्रंथालय चालवत असे. १९९९ साली त्यांची जुनी संगणक प्रणाली २००० सालच्या तारखा ओळखू शकणार नाही, हे लक्षात आले. नवी बनवून घेण्याचे काम त्यांनी कॅटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीला दिले, जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली आणि संस्थेने ती स्वतःपुरती न ठेवता जनरल पब्लिक लायसन्स या मुक्तस्रोत परवान्याखाली सर्वांना खुली केली. आज जगभरातील हजारो ग्रंथालये ती वापरतात आणि तिच्यात भर घालणारी माणसे अनेक देशांत पसरलेली आहेत. ‘कोहा’ हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट किंवा देणगी, पण जिच्यात परतफेडीची जाणीव गृहीत असते अशी. आपल्याकडचा ‘आहेर’ हा शब्द त्याच्या जवळ जावा. तेव्हा फुकट या शब्दाला मी हरकत घेईन. घेणाऱ्याने वेळ, शिकणे, कधी एखाद्या चुकीची नोंद, कधी एखाद्या शब्दाचा मराठी अनुवाद अशी परतफेड करायची असते, आणि खर्च शून्य असतो असे समजून जी संस्था ती बसवते, तिच्याकडे ती वर्षभरात बंद पडते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तुम्ही प्रश्न असा मांडला आहे, की जुनी प्रणाली ठेवावी की नवी घ्यावी. मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो : बारा वर्षे तुम्ही आणि तुमच्या लिपिकांनी एकेक करून भरलेल्या त्या नोंदी तुम्हाला आज बाहेर काढता येतात का? प्रणाली हे कपाट आहे. दहा-पंधरा वर्षांनी ते बदलावेच लागेल. नोंदी मात्र ग्रंथालयाच्या आहेत आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या आहेत. म्हणून कोहा घ्या, सरकारी प्रणाली घ्या किंवा आहे तीच आणखी दोन वर्षे चालवा, पण या महिन्यात विक्रेत्याला लेखी पत्र देऊन सर्व ग्रंथांच्या आणि सभासदांच्या नोंदी मागून घ्या. ग्रंथांच्या नोंदी शक्य असल्यास मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात, म्हणजे आयएसओ २७०९ या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये. सभासदांच्या नोंदी, आणि ते शक्य नसल्यास ग्रंथांच्याही, साध्या सीएसव्ही किंवा एक्सेल तक्त्यात. आणि कोणत्याही परिस्थितीत अक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर देवनागरी देवनागरीच राहते त्या प्रमाण पद्धतीत. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर दाखल नोंदवहीचा (आलेल्या प्रत्येक ग्रंथाची क्रमवार नोंद असलेल्या वहीचा) अहवाल छापण्याची सोय तुमच्या प्रणालीत असेलच. बहुतेक जुन्या प्रणालींत तोच अहवाल छापण्याऐवजी एक्सेलमध्ये उतरवता येतो. त्यात ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक एवढे जरी आले, तरी अर्धे काम वाचते.

किती वाचते, ते मोजून पाहा. एक माणूस पुस्तक हातात घेऊन, नीट पाहून दिवसाला ६० नोंदी करू शकतो असे धरले, तर २२,००० ग्रंथांना ३६७ कामाचे दिवस लागतात. देवघेव सांभाळून हे काम तीन जणांच्या वाचनालयात दोन वर्षांच्या आत होत नाही. तो विद्यार्थी ज्या एका सुट्टीची गोष्ट करतो, त्या सुट्टीत प्रणाली बसेल, नोंदी बसणार नाहीत. त्याच्या उत्साहाला मी कमी लेखत नाही. त्याने यातले कष्ट अजून पाहिलेले नाहीत, एवढेच.

युनिकोडचा आग्रह मी का धरतो, तेही सांगितले पाहिजे. पूर्वी मी ज्या ग्रंथालयात काम करत होतो, तेथे आम्ही सात हजारांवर मराठी नोंदी एका खासगी फाँटमध्ये भरल्या होत्या. पडद्यावर उत्तम देवनागरी दिसत असे. प्रत्यक्षात संगणकाच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठत होती, ज्यांवर तो फाँट देवनागरीचे सोंग चढवीत होता. प्रणाली बदलताना ते सोंग उतरले आणि आमच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग आला. रूपांतर करणारे साधन मिळाले, पण त्याने ऱ्हस्व ‘इ’ची वेलांटी भलत्या अक्षराला लावली, ‘वाऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ गाळला आणि जोडाक्षरे मोडली. शेवटी दोन सहकाऱ्यांनी आठ महिने बसून प्रत्येक नोंद पुस्तकाशी ताडून पाहिली. ते आठ महिने मला अजून खुपतात, कारण पहिल्या दिवशी कोणी नुसते विचारले असते तरी ते टळले असते. तुमच्या प्रणालीतील एखादे ग्रंथनाम उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तेथेही मराठी वाचता आली, तर नोंदी बहुधा युनिकोडमध्ये आहेत. विचित्र रोमन चिन्हे उमटली, तर रूपांतर आणि तपासणी यांसाठी वेगळा वेळ धरा.

पर्यायांचा विचार करू. सध्याच्याच विक्रेत्याची नवी आवृत्ती घेणे हा अगदीच टाकाऊ पर्याय नाही. गावात इंटरनेट अनियमित असेल, माणसे थकलेली असतील, तर ओळखीची प्रणाली काही काळ चालू ठेवण्यात शहाणपण असू शकते. पण मग करारात एक कलम घालून घ्या, की मागणी केल्यापासून अमुक दिवसांत सर्व नोंदी, ग्रंथांच्या मार्क २१ मध्ये, विनाशुल्क मिळतील. हे कलम जो मान्य करत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नये. दुसरा पर्याय ई-ग्रंथालय, ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केलेली प्रणाली. ती मुक्तस्रोत नाही, तिचा संकेत खुला नाही. पण सरकारी संस्थेची आहे आणि सर्व्हर सांभाळण्याची कटकट तुमच्याकडे राहत नाही. तुमच्यासारख्या अनुदानित सार्वजनिक वाचनालयाला ती कोणत्या अटींवर मिळते, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत विचारून घ्या. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ ही प्रणाली मुख्यतः विद्यापीठे आणि महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, तिच्यात मी तुम्हाला गुंतवणार नाही.

माझा स्वतःचा कल कोहाकडे आहे, आणि कारण शेजाराचे आहे. आपल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा चालते. तुमच्या तालुक्यात किंवा शेजारच्या तालुक्यात असे एखादे महाविद्यालय असेल. तेथील ग्रंथपालांकडे एक दिवस जाऊन बसा, देवघेव कशी होते ते पाहा आणि बिघाड झाला तेव्हा त्यांनी कोणाला बोलावले, किती दिवसांत काम झाले, हे विचारा. पंधरा किलोमीटरवर असलेला, तीच प्रणाली वापरणारा ग्रंथपाल हा अध्यक्षांच्या प्रश्नाचा निम्मा जबाब आहे. असे कोणीच जवळपास नसेल, तर माझा कल बदलेल, हेही मोकळेपणाने सांगतो.

कोहा घेतलीत, तर मराठी ग्रंथालयाला लागणाऱ्या काही गोष्टी बसवणाऱ्याला आधीच सांगाव्या लागतात, कारण त्या त्याला आपणहून सुचत नाहीत. कोहा डेबियन लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर चांगली चालते आणि शोधासाठी ‘झेब्रा’ नावाचा अनुक्रमणी करणारा भाग वापरते. रोमनेतर लिप्यांसाठी झेब्राची मांडणी ‘आयसीयू’ या युनिकोड अक्षरे हाताळणाऱ्या पद्धतीने करावी लागते. ती केली नाही, तर देवनागरीतील शोध अडखळतो आणि सारा दोष प्रणालीच्या माथी येतो. दुसरे असे, की तयार नोंदी आयत्या उतरवून घेण्याची जी झेड ३९.५० ही सोय आहे, तिचा इंग्रजी पुस्तकांना फार उपयोग होतो, पण मराठीसाठी तुमची निराशा होईल. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मराठी पुस्तके पुष्कळ आहेत, तथापि त्यांच्या नोंदी बहुतांशी रोमन लिपीत, अक्षरांवर आणि अक्षरांखाली खुणा देऊन केलेल्या असतात. तुमचा सभासद तसा शोध घेणार नाही. त्याऐवजी जिल्ह्यातील दोन-तीन ग्रंथालयांनी आपापल्या मराठी नोंदींची फाइल एकमेकांना दिली, तर तेच पुस्तक तीन ठिकाणी तीनदा नोंदवावे लागणार नाही.

लेखकांच्या नावांबाबत तर पहिल्याच आठवड्यात नियम ठरवा आणि तो लिहून भिंतीवर लावा. ‘ह.ना. आपटे’, ‘ह. ना. आपटे’, ‘हरी नारायण आपटे’ आणि ‘आपटे, हरि नारायण’ ही यंत्राला चार वेगळी माणसे वाटतात. कुसुमाग्रजांची कविता आणि वि. वा. शिरवाडकरांचे नाटक एकाच लेखकाखाली सापडावे, यासाठी कोहात प्रमाणनोंदींची सोय आहे; एका रूपाला मुख्य ठरवून बाकीची रूपे त्याला जोडता येतात. ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे टंकले जाते, एकदा स्वतंत्र अक्षर म्हणून आणि एकदा ‘अ’वर चंद्र ठेवून, दिसायला सारखे, शोधायला वेगळे. सर्वांनी एकाच कळफलकावर काम करणे हा त्यावरचा साधा इलाज आहे. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली लेखननियम स्वीकारले, त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात. शीर्षक पुस्तकावर आहे तसेच मार्कच्या २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात लिहा आणि आजचे रूप २४६ मध्ये द्या. म्हणजे जुन्या पुस्तकाचा मानही राहतो आणि आजच्या वाचकाला ते सापडतेही. मुखपृष्ठ फाटलेल्या जुन्या ग्रंथांची नावे आणि वर्षे निश्चित करायला शंकर गणेश दाते यांनी केलेली १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची आजही हाताशी असावी. या कामात संगणकाचा अभियंता तुम्हाला मदत करू शकत नाही. हे तुमचेच ज्ञान आहे, आणि ‘मला जमेल का’ या तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे. प्रणाली बसवणे दोन दिवसांचे काम आहे, ते दुसरा कोणीही करील. ‘आपटे’ हे नाव चार ठिकाणी विखुरले आहे, हे ओळखणारा माणूस तुमच्या गावात तुमच्याशिवाय कोणी नाही.

सुरुवात सगळ्या ग्रंथांनी करू नका. गेल्या तीन वर्षांत जी पुस्तके निदान एकदा बाहेर गेली, ती आधी नोंदवा. देवघेवीचा बहुतेक भार त्यांच्यावर असतो. त्यांना बारकोड लावा, त्यांची देवघेव कोहावर आणा, बाकीची पुस्तके जसजशी कोणी मागेल तसतशी नोंदवत चला. या काळात कागदी दाखल नोंदवही बंद करू नका. तुमचे अनुदान महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ आणि त्याखालील नियमांनुसार येते आणि तपासणीला येणारे अधिकारी नोंदवह्या पाहतात. संगणकाचे कोणते छापील अहवाल चालतील, हे त्यांना पत्र पाठवून लेखी विचारा. तोंडी होकारावर विसंबू नका.

सभासदांची माहिती भरताना हात आखडता ठेवा. नाव, पत्ता, दूरध्वनी, वर्गणी आणि अनामत एवढे पुरते. आधार क्रमांक भरण्याचे काहीही कारण नाही. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले होते, हा इतिहास पुस्तक परत आल्यावर पुसून टाकण्याची सोय कोहात आहे, ती चालू करून घ्या. एखाद्या मुलीने कायद्याचे किंवा आजाराचे कोणते पुस्तक नेले, हे पाच वर्षांनी कोणाला पाहता येऊ नये. मला हा मुद्दा प्रणालीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या ग्रंथालयांत त्यावर फारच कमी बोलले जाते.

बॅकअपविषयीही असेच. डेबियनवर नेहमीच्या पद्धतीने बसवलेली कोहा रोज रात्री स्वतः बॅकअप घेते, पण तो त्याच संगणकावर साठवते. संगणक जळाला की तोही गेला. दर शनिवारी ती फाइल एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून कार्यवाहांच्या घरी ठेवा आणि एक प्रत इंटरनेटवर सुरक्षित ठिकाणी ठेवा. तीन महिन्यांतून एकदा ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून सर्व नोंदी परत येतात का, ते पाहा. कधीही उघडून न पाहिलेला बॅकअप असून नसल्यासारखा असतो. त्या विद्यार्थ्याला काम द्यायचे असेल तर हे द्या, आणि सोबत एक अट घाला : जे जे केले ते मराठीत एका वहीत लिहून ठेवायचे. पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांकडे असावेत, संकेतस्थळाचे नाव त्याच्या नावावर न घेता संस्थेच्या नावावर घेतलेले असावे आणि नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या कॅलेंडरवर असावी. तो उद्या नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला जाणारच. त्याच्याबरोबर तुमचे ग्रंथालय जाता कामा नये.

आता डीस्पेस. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली आणलेली ही प्रणाली उत्तम आहे, पण तिचा घाट विद्यापीठाचा आहे. हजारो प्रबंध आणि शोधलेख सांभाळायला ती केली गेली. तिच्यामागे चालणारे भाग अनेक आहेत आणि त्यांची निगा राखायला जाणता माणूस लागतो. तुमच्याकडे अशी दुर्मीळ पुस्तके दीड-दोनशे असतील. त्यांच्यासाठी हे ओझे उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांचे स्वामित्वहक्क संपले आहेत ती पुस्तके नीट स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्ह या विनामूल्य डिजिटल ग्रंथसंग्रहावर ठेवा आणि त्यांचा दुवा कोहातील नोंदीत द्या. वाचकाला तुमच्याच सूचीतून ती उघडतील. मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट हे अक्षर ओळखणारे मुक्तस्रोत साधन मराठीही वाचते, मात्र झिजलेल्या खिळ्यांच्या जुन्या छपाईत ते पुष्कळ चुकते. ज्यांना ते मुद्रितशोधन करण्याची हौस असेल, अशा तुमच्या निवृत्त शिक्षक सभासदांना मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळाची ओळख करून द्या. तेथे पानाची प्रतिमा आणि मजकूर शेजारी ठेवून दुरुस्ती करता येते.

हक्कांचा विचार स्कॅन करण्याआधी करायचा असतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे साहित्यावर हक्क राहतो. पुस्तक जुने आहे, बाजारात मिळत नाही, प्रकाशक बंद झाला, ही कारणे पुरेशी नाहीत. लेखकाच्या निधनाचे वर्ष पाहावे लागते, आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचेही. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला एक मुभा दिली आहे : छापील प्रत संग्रहात असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवता येते. ही मुभा जतनाची आहे, इंटरनेटवर सर्वांना वाचायला देण्याची नाही. म्हणून वाळवी लागलेले पुस्तक आजच स्कॅन करा, पण ते खुले कधी करायचे, हे वर्ष पाहून ठरवा.

तुमच्या वार्षिक अंकाबद्दल वाचून मला सर्वांत आनंद झाला. १९७४ पासून एका तालुक्याच्या वाचनालयाने अंक काढत राहावे, ही साधी गोष्ट नाही. त्यात गावच्या नाटकमंडळींवर, दुष्काळावर, बाजारावर, जात्यावरच्या ओव्यांवर जे लिहिले गेले असेल, ते अन्यत्र कोठेही मिळणार नाही. ओपन जर्नल सिस्टिम्स ही प्रणाली पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची. जॉन विलिन्स्की यांनी हा प्रकल्प १९९८ साली कॅनडात सुरू केला. ती शोधनियतकालिकांसाठी आहे : लेख मागवणे, परीक्षकांकडे पाठवणे, दुरुस्त्या, अंक जुळवणी, हे सारे तिच्यात होते. तुमच्या अंकाला परीक्षक नाहीत, म्हणून तिचा अर्धा भाग तुम्हाला निरुपयोगी आहे. तरी दुसरा अर्धा मोलाचा आहे : प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान, लेखकाचे नाव, वर्ष, विषय, आणि ही माहिती इतर सूचींना आपोआप देण्याची सोय. सामान्य होस्टिंगवरही ती चालते. मात्र ती अद्ययावत ठेवली नाही, तर खोट्या सभासदनोंदींचा आणि घुसखोरीचा त्रास फार होतो. त्यामुळे पहिले वर्ष तिला हात लावू नका, असे मी म्हणेन. त्या वर्षात सर्व अंकांची लेखसूची एका तक्त्यात करा : अंकाचे वर्ष, लेखाचे नाव, लेखक, पृष्ठे, विषय. हा तक्ता पुढे ओपन जर्नल सिस्टिम्समध्ये जाईल, वर्डप्रेसच्या साध्या संकेतस्थळावर जाईल किंवा नुसता छापून भिंतीवर लागेल, तरी त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून आहे. अंक स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरते, आणि जाहिरातींची पाने वगळू नका. १९७८ सालच्या तुमच्या गावात कोणती दुकाने होती, हे त्या पानांशिवाय कोणी सांगणार नाही.

त्या लेखांवर हक्क लेखकांचे आहेत, हे येथेही लागू आहे. मानधन न देता छापलेल्या लेखाचा हक्क वाचनालयाकडे आला, असा समज सर्रास असतो आणि तो चुकीचा आहे. हयात लेखकांना आणि दिवंगत लेखकांच्या वारसांना एक पानी संमतिपत्र पाठवा. त्यात लेख इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवण्याची परवानगी मागा, आणि त्यांची तयारी असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा, म्हणजे इतरांनाही ठरावीक अटींवर लेख वापरू देण्याचा, पर्यायही द्या. तुमच्या गावात हे काम टपालापेक्षा घरी जाऊन लवकर होईल. एखाद्या घरातून त्या अंकाचे हस्तलिखित किंवा छायाचित्रही हाती येण्याचा संभव आहे. यापुढच्या अंकासाठी लेख स्वीकारतानाच ही संमती घेतली, तर पुढच्या ग्रंथपालावर ही वेळ येणार नाही.

आग्रह धरावा का, या तुमच्या प्रश्नावर माझे मत असे, की प्रणालीचा आग्रह आज धरू नका. कार्यकारिणीपुढे फक्त दोन ठराव ठेवा. पहिला, सध्याच्या विक्रेत्याकडून सर्व नोंदी मागून घेण्याचा. याला अध्यक्षही विरोध करणार नाहीत, कारण तो संस्थेच्या मालमत्तेचा प्रश्न आहे. दुसरा, शेजारच्या महाविद्यालयाला भेट देऊन पाचशे पुस्तकांवर तीन महिने कोहा चालवून पाहण्याचा. त्या काळात जुनी प्रणाली चालूच राहील, म्हणजे बिघाड झाला तरी एकाही सभासदाची देवघेव अडणार नाही आणि बोल लागण्याचा प्रश्न येणार नाही. भेटीला अध्यक्षांनाही घेऊन जा. वाली कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतः त्या ग्रंथपालांना विचारावा.

विक्रेत्याला पाठवायच्या पत्रात संस्थेचा ठराव क्रमांक, नोंदींचे स्वरूप आणि १५ दिवसांची मुदत एवढेच असू द्या. तक्रारीचा सूर नको, कारण फाइल हाती येईपर्यंत त्याच्याशी संबंध चांगले हवेत. उत्तर काय आले ते मला कळवा. फाइल मिळाली आणि तिच्यातील मराठी वाचता येत नसेल, तर पहिल्या पन्नास ओळी पत्रासोबत जोडा, सभासदांची नावे मात्र काढून टाकून.